‘अधूनमधून’ म्हणजे किती?

सोलापुरात मी ‘अधूनमधून’ म्हणाले, तेव्हा समोरच्या बाईंनी दोनवर गोल केला. पुढच्या महिन्यात पुण्यात तोच प्रश्न आला, माझं उत्तरही तेच, पण तिथं गोल झाला तीनवर. पुढे बरंच काही घडलं, पण माझं मन अजून त्या गोलापाशीच अडकलंय.

आमचं लेकरू तेव्हा साडेतीन वर्षांचं होतं. दोन वर्षांचं होईपर्यंत चार-पाच शब्द बोलायचं, मग तेही गेले. हाक मारली तर वळून बघायचं नाही. झोपेचं औषध देऊन बेरा तपासणी केली, तर कान ठणठणीत निघाले. बार्शीचे आमचे नेहमीचे डॉक्टर म्हणाले, मुलगे उशिरा बोलतात, थांबा. आत्यांनी तर निकालच लावला, “ह्याचा बाप पाच वर्सांचा होईस्तोवर बोलला न्हाई, आता गप बसतोय का?” थांबलो. वर्ष गेलं.

मग एका नावाजलेल्या दवाखान्यात नंबर लावला. तीन तास बसलो, आत गेलो सात मिनिटं. डॉक्टरांनी लेकराला हात लावला नाही, त्याच्याशी एक शब्द बोलले नाहीत. मला विचारलं, “मोबाइल देता का?” खोटं कशाला बोलू? आमची खव्याची भट्टी. दिवाळी आणि लग्नसराईत पहाटे चारला दूध यायला लागतं. मापं, हिशोब, गिऱ्हाइकांचे फोन, त्यात लेकराला भट्टीजवळ येऊ द्यायचं नाही. हो, द्यायचे मोबाइल. “मग झालं तर. व्हर्च्युअल ऑटिझम आहे. आईनं मोबाइल बंद केला की सहा महिन्यांत मूल नीट होईल.” आईनं! यजमान शेजारीच बसले होते. मोबाइल त्यांचाच होता.

सहा महिने टीव्हीवरसुद्धा कापड टाकलं. लेकरू थोडं शांत झोपायला लागलं, एवढं मान्य. शब्द काही आले नाहीत. नंतर कळलं की जगभरचे डॉक्टर मनोविकारांची जी अमेरिकी यादी वापरतात, तिच्यात या नावाचा आजारच नाही. १९४३ साली लिओ कॅनरनं अकरा मुलांवरून स्वमग्नतेचं, म्हणजे ऑटिझमचं, पहिलं वर्णन लिहिलं, त्यातही आईबापांच्या कोरडेपणाचा उल्लेख होता. पुढं कित्येक वर्षं तिकडच्या बायकांना ‘फ्रीजसारख्या थंड आया’ म्हणून हिणवलं गेलं. तिकडं फ्रीज, इकडं मोबाइल. लेकरांना मोबाइल द्यावा असं मी म्हणत नाही, देऊच नये. पण तपासणी न करता आईच्या गळ्यात धोंडा बांधणं म्हणजे निदान नव्हे.

आता सोलापूर-पुण्यातल्या त्या प्रश्नांकडे येते. स्वमग्नता मोजायची ती मोजपट्टी आपल्याच देशातली, सिकंदराबादच्या संस्थेत तयार झालेली. प्रश्न चाळीस आणि प्रत्येकाला एक ते पाच गुण. बेरीज सत्तरच्या आत आली तर स्वमग्नता नाही, सत्तर ते एकशेसहा म्हणजे सौम्य, त्यापुढे वाढत जाते. नजरेला नजर देत नाही का? एकटाच रमतो का? ऐकलेलं तेच तेच म्हणतो का? उत्तरं टक्क्यांत बसवलेली असतात. वीस टक्क्यांपर्यंत एक गुण, चाळीसपर्यंत दोन, साठपर्यंत तीन. आता मला सांगा, घरात कोणती आई लेकराची नजर टक्क्यांत मोजते? आमच्याकडे पाच लिटर म्हशीच्या दुधाला किलोभर खवा पडतो, तेवढं मी न बघता सांगेन. पण दिवसभरात त्यानं माझ्याकडे किती टक्के पाहिलं? मी म्हणत राहिले, “अधूनमधून”, “कधी कधी”, “मनात आलं तर”.

सोलापुरात बेरीज ६६ झाली. स्वमग्नता नाही, नुसतं बोलणं मागं आहे. त्या दिवशी आम्ही घरचे पेढे वाटले. पुण्यात ८१ झाली, सौम्य स्वमग्नता. लेकरू तेच, आई तीच, मधे फक्त एक महिना. पंधरा वेळा कुणाचं तरी पेन एक घर पुढं सरकलं असेल, बस्स. पुण्यात मी आधीचा कागद पुढं केला, तर डॉक्टर म्हणाल्या, “ते कशावरून आलं, ते त्यांनाच विचारा.” सोलापूरला फोन केला. तिकडूनही तेच उत्तर, शब्द तेवढे गोड.

पुण्याच्या डॉक्टरांनी दीड तास दिला होता, खाली बसून त्याच्याशी खेळल्या होत्या. त्यानं गाडी उलटी करून नुसतं चाक फिरवलं, ते त्यांनी लिहून घेतलं. मी म्हणाले, आमच्या घरी पहाटेपासून कढईत मोटारीवर पातं फिरतं, तेच बघत हे मोठं झालंय. नंतर हे सांगितलं तर बार्शीचे डॉक्टर हसले, “भट्टीवाल्याचं लेकरू दुसरं काय बघणार?” मलाही तेव्हा ते पटलं. पण आमच्या गल्लीत भट्ट्या आणखीही आहेत, लेकरंही आहेत. पाऊण तास न हलता पात्याकडे बघत उभं राहिलेलं दुसरं एकही मी पाहिलेलं नाही. हे मी कुणालाच सांगितलं नाही, कुठल्याच कागदावर ते नाही. म्हणजे सगळा दोष पेनाचाही नाही.

आणि खरं सांगायचं तर ८१ ऐकल्यावर मला रडू आलं नाही, हलकं वाटलं. पेढे वाटले होते तेव्हासुद्धा इतकं हलकं वाटलं नव्हतं. त्याला काहीतरी आहे आणि ते मी केलेलं नाही, एवढंच ऐकायचं होतं.

आमच्या भूमसारख्या गावातल्या आयांना एक सांगते. चाळीसही उत्तरांचे गुण लिहिलेला कागद मागून घ्या, नुसती बेरीज घेऊन बाहेर पडू नका. आणि बोलण्याची थेरपी कागद जुळायची वाट न बघता सुरू करा, ती ६६ लाही लागते आणि ८१ लाही.

प्रमाणपत्रावरून घरात अजून वाद आहे. २०१६ च्या कायद्यात एकवीस प्रकारचं अपंगत्व धरलंय, त्यात स्वमग्नता आहे. मी म्हणते काढू, पुढं शाळेत, परीक्षेत उपयोगी पडेल. यजमान म्हणतात, “एकदा शिक्का बसला की पुसत नाही.” आत्या म्हणतात, दोघंही गप बसा.

दोन्ही कागद एकाच प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेत. जूनमध्ये बालवाडीत नाव घालताना बाईंनी विचारलं, “काही त्रास वगैरे?” मी ६६ चा काढून दाखवला. मंगळवारी थेरपीला जाताना ८१ चा वर ठेवते.