ऐकणारी समोर आहे असे समजून

शाळेतून घरी पाठवलेल्या सूचनापत्रांचे काय होते, हे आम्ही शिक्षक चांगले ओळखून आहोत. मुलगी मराठी वाचते, अब्बा उर्दू वाचतात आणि अम्मीला दोन्ही लिप्या जेमतेम लागतात. मुलीने दहावीनंतर शिकायचे की नाही, याचा निम्मा निर्णय मात्र त्या अम्मीच्याच हातात असतो. म्हणून आम्ही तिघा शिक्षकांनी दर बुधवारी दहा मिनिटांचा पॉडकास्ट सुरू केला. मोहल्ल्यात त्याला 'मोबाईलवरचा रेडिओ' म्हणतात. आमची काही हरकत नाही.

नाव नवे असले तरी कसब जुने आहे. अमीन सयानी यांचेच पाहा. त्यांच्या आई कुलसुम सयानी १९४० पासून 'रहबर' नावाचे पाक्षिक चालवत. नवसाक्षरांसाठीचे हे पत्र देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत निघे, पण भाषा एकच, सोपी हिंदुस्तानी. अमीन त्या कामात आईला मदत करत. घरात, बाजारात बोलतात तसे बोलायचे, हे ते तिथे शिकले. डिसेंबर १९५२ मध्ये रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली, तेव्हा हीच शिदोरी त्यांच्या कामी आली. 'बहनो और भाइयो' म्हणताना ते बहिणींना आधी हाक मारत.

सुरुवातीला त्या कार्यक्रमात श्रोत्यांसाठी स्पर्धा असे. सात गाणी ऐकायची आणि ती काळाच्या क्रमाने लावून कळवायची. पहिल्याच खेपेला ९,००० पत्रे आली, असे ते सांगत. म्हणजे ऐकणाऱ्याला काहीतरी करायला दिले होते आणि उत्तर पाठवायला पत्ता दिला होता. गाण्यांच्या फर्माइशी पाठवून पाठवून तर झुमरी तलैयासारखे छोटे गाव देशभर ठाऊक झाले.

आम्ही हेच डोळ्यांपुढे ठेवले. बोलताना 'श्रोतेहो' म्हणत नाही. चुलीपाशी बसलेली एक ओळखीची अम्मी समोर आहे असे समजून बोलतो. शाळेतली पुस्तकी मराठी बाजूला ठेवतो आणि आमच्या भागातले उर्दूमिश्रित बोल येऊ देतो. दिवस आणि वेळ बदलत नाही. प्रत्येक भागाच्या शेवटी एकच प्रश्न विचारतो आणि उत्तर आवाजातच पाठवा म्हणतो, कारण टाईप करणे अनेकींना जमत नाही.

एकदा एका अम्मीचा आवाज आला, "वसतिगृहाच्या खोलीला आतून कडी असते का?" फी, गुण, शाखा यांबद्दल तिला काही विचारायचे नव्हते. आमच्यातल्या एक बाई तालुक्याच्या मुलींच्या वसतिगृहात गेल्या, खोल्या पाहिल्या, तिथल्या मुलींशी बोलल्या. पुढच्या बुधवारी आम्ही सांगितले, कडी आहे, फाटक संध्याकाळी सातला बंद होते, घरी रोज फोन करता येतो. त्या आठवड्यात जितके प्रश्न आले, तितके त्याआधी कधी आले नव्हते.

एक पथ्य आम्ही कसोशीने पाळतो. विचारल्याशिवाय कुणाचा आवाज ऐकवत नाही. छोट्या वस्तीत नाव गाळले तरी आवाज ओळखू येतो. परवानगी नसेल तर प्रश्न आमच्या तोंडून मांडतो, गावाचा उल्लेखही टाळतो. हा भरवसा राहिला, तरच पुढचा प्रश्न येतो.

भाग किती जणांनी ऐकला, तो आकडा मोबाईलवर दिसतो. आमचा कधी शंभरीपुढे फारसा गेला नाही. पण आकड्यातून कडीचा प्रश्न कळला नसता. पॉडकास्ट करू पाहणाऱ्या तरुणांना आम्ही एवढेच सांगू, की माईक चांगला घ्याच, पण आलेल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर पुढच्या भागात द्या.

कडीबद्दल विचारणाऱ्या अम्मीचा निर्णय अजून व्हायचा आहे. प्रवेशाची मुदत येत्या शनिवारी संपते. काल त्यांनी नवा प्रश्न पाठवला आहे, मुलगी आजारी पडली तर रात्री तिच्याजवळ कोण असेल? बुधवारच्या आत आम्हाला ते शोधून काढायचे आहे.