वहिनींचे सर आणि माझा हेल्पडेस्क

‘तुमचं तिकीट क्लोज करण्यात आलं आहे. कृपया आमच्या सेवेला रेटिंग द्या!’

हा मेल मी कंपनीच्या बसमध्ये वाचला, हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये. प्रश्न साधा होता. ऑफिसचं रिलीज आणि ऑनलाइन एमबीएचा पेपर एकाच दिवशी येतोय, पेपर पुढच्या स्लॉटला देता येईल का? आधी चॅटबॉटला विचारलं, त्यानं माहितीपत्रक पाठवलं. मग तिकीट टाकलं. बारा दिवसांनी ते क्लोज झालं, उत्तराशिवाय. तोवर स्लॉट बदलायची तारीखही गेली होती. पेपर बुडाला.

संस्थेचं नाव सांगत नाही, कशाला उगाच! पण खरं सांगू का? राग पेपरचा नव्हता. नंतरचे पाच महिने मी लॉगिनच केलं नाही आणि कुणी साधं विचारलंही नाही, की बाबा रे, आहेस कुठे? हप्त्याचा एसएमएस मात्र पाच तारखेला न चुकता यायचा.

घरी अर्थातच बोललो नव्हतो. दिवाळीला गावी गेलो. आमचं गाव पाथर्डी तालुक्यातलं. नगर (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण एसटीत अजून ‘नगर, नगर’च ऐकू येतं) सोडलं, करंजीचा घाट ओलांडला की मोबाईलची रेंज ये-जा करायला लागते. तर तिथे आमच्या वहिनी, दोन मुलांचं आवरून, रात्री दहाला पुस्तक उघडून बसलेल्या. बीएचं शेवटचं वर्ष, मुक्त विद्यापीठातून.

मुक्त विद्यापीठ म्हणजे नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. १९८९ साली सुरू झालं, पहिले कुलगुरू राम ताकवले. ब्रीदवाक्य ‘ज्ञानगंगा घरोघरी’. कॉलेजात असताना आम्ही त्याची टिंगल करायचो. ‘मुक्त’वाला म्हणजे ज्याला कुठेच अ‍ॅडमिशन मिळाली नाही तो! आज माझी डिग्रीसुद्धा घरबसल्याचीच, फक्त फी जास्त आणि वेबसाइट चकचकीत. सप्टेंबर २०२२मध्ये यूजीसीनंच स्पष्ट केलं, की मान्यताप्राप्त विद्यापीठाची दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची. म्हणजे वहिनी आणि मी एकाच बाकावर.

‘अडलं तर कुणाला विचारता?’ मी सहज म्हटलं.

‘सरांना. रविवारी केंद्रावर जाते ना.’

त्या सरांना ‘संमंत्रक’ म्हणतात. (दोनदा म्हणून बघा, जीभ अडखळते की नाही!) केंद्र म्हणजे तालुक्यातल्या कॉलेजचे दोन वर्ग आणि एक टेबल. टेबलामागचे सर एक जुनी वही ठेवतात. त्यात नाव, फोन आणि शेवटच्या रकान्यात ‘अडचण’. वहिनींच्या नावापुढे लिहिलंय, ‘सासूबाईंचं ऑपरेशन, दोन रविवार नाही.’ तिसऱ्या रविवारीही त्या दिसल्या नाहीत तेव्हा सरांचा फोन आला होता.

वहिनींच्या बॅचला एक मुलगी आहे, घरचे ऊसतोडीला जातात. दसरा-दिवाळी झाली की आमच्याकडची कितीतरी बिऱ्हाडं कोयते घेऊन कारखान्यांच्या वाटेला लागतात, ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. सरांनी तिला निघायच्या आधीच पुस्तकं दिली, स्वाध्याय समजावले आणि मुकादमाचा नंबर वहीत लिहून घेतला. फॉर्मची तारीख आली की सर मुकादमाला फोन करणार!

आता सांगा, माझ्या अ‍ॅपमध्ये मुकादमाच्या नंबरचा रकाना आहे?

सगळं गोडगोड आहे असं नाही. रविवारी दुपारची एसटी चुकली तर वहिनींना संध्याकाळपर्यंत थांबावं लागतं. रेकॉर्ड केलेली लेक्चर्स बघायची तर डेटा संपतो. आणि सगळं त्या एका सरांवर उभं आहे. उद्या त्यांची बदली झाली की वहीचं काय? म्हणून मला वाटतं, ती वही कॉम्प्युटरवर यायला हवी आणि माझ्या हेल्पडेस्कला एक माणूस मिळायला हवा. संध्याकाळी सातनंतर फोन उचलणारा, कारण नोकरी करणाऱ्याला प्रश्न तेव्हाच पडतात. तीन आठवडे कुणी लॉगिन केलं नाही, की त्याच्या नावापुढे लाल दिवा लागावा. त्यात कसलं मोठं तंत्रज्ञान? ऑफिसात मी दोन दिवस टाइमशीट भरली नाही तर चार मेल येतात!

त्या रात्री वहिनींना खरं सांगून टाकलं. त्या हसल्या नाहीत. मुलाची चौकडीची वही ओढली, मागच्या पानावर माझं नाव लिहिलं आणि विचारलं, ‘भाऊजी, पुढचा फॉर्म कधी?’

मला तारीख माहीत नव्हती. ‘उद्या बघून सांगा,’ म्हणाल्या आणि ‘अडचण’ असं लिहून पुढची जागा मोकळी ठेवली.

आता दर रविवारी रात्री साडेनऊला फोन वाजतो. परवा उचलला नाही, तर दादाच्या फोनवरून आला.