षड्ज हलतो तेव्हा

मोत्सार्टची चाळीसावी सिम्फनी आपण कधी ऐकलेली नाही, असं म्हणणाऱ्या मराठी माणसाच्या कानावरूनही तिची सुरुवात बहुधा गेलेली असते. १९६१च्या ‘छाया’ चित्रपटातल्या तलत-लताच्या द्वंद्वगीताचा मुखडा सलील चौधरींनी त्याच चालीवर बांधला. व्याख्यानात हे सांगितलं की सभागृहात गुणगुण सुरू होते आणि माझी पंचाईतही तिथूनच सुरू होते. ओळखीची चाल सापडली की श्रोता ती परत कधी येते याची वाट बघत बसतो, आणि मधलं सगळं त्याला भरताड वाटतं. या सिम्फनीच्या पहिल्या मूव्हमेंटची, म्हणजे पहिल्या खंडाची, घडण सोनाटा फॉर्मची आहे, आणि सोनाटा फॉर्ममध्ये चालीपेक्षा षड्जावर कान ठेवावा लागतो.

आपल्याकडे तानपुरा लागला की षड्जाचा प्रश्न मिटतो. अठराव्या शतकातल्या व्हिएन्नाच्या संगीतात मात्र षड्ज हलवणं हाच मुख्य खेळ. एक्स्पोझिशन (मांडणी), डेव्हलपमेंट (विस्तार), रिकॅपिट्युलेशन (पुनरागमन) ही सोनाटा फॉर्मची शाळकरी विभागणी एकोणिसाव्या शतकातल्या पाठ्यपुस्तकवाल्यांनी रूढ केली. ती पाठ नसली तरी काही अडत नाही.

ही सिम्फनी मोत्सार्टने २५ जुलै १७८८ या तारखेने आपल्या वहीत नोंदवली आहे. तिची पहिली मूव्हमेंट जी मायनरमध्ये आहे, म्हणजे षड्ज जी आणि स्वर साधारण आसावरी थाटाचे. आरंभ व्हायोलांचा. मी व्हायोला वाजवते, त्यामुळे या जागेबद्दल माझा पक्षपात गृहीत धरावा. पण चाल सुरू होण्याआधीच आतली धडधड ऐकू यावी, अशी सुरुवात त्या काळच्या सिम्फनीत विरळाच. मग त्यावर व्हायोलिनं येतात : कोमल धैवत, पंचम, पंचम. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तेच म्हणून एकदम वर कोमल गंधारावर उडी. एवढ्या तुकड्यावर पुढची सगळी इमारत उभी आहे.

थोड्याच वेळात सगळा वाद्यवृंद जोरात वाजू लागतो आणि अचानक थांबतो. या शांततेनंतर येणारी दुसरी चाल तंतुवाद्यं आणि फुंकीची वाद्यं वाटून घेतात. ती घसरत घसरत खाली उतरते. पण तिचा उतार बघण्याआधी तळाचा स्वर तपासा. जीचा कोमल गंधार, म्हणजे बी फ्लॅट, आता षड्ज झालेला आहे. मूर्च्छना माहीत असणाऱ्याला हे सांगायला नको : आसावरीचा कोमल गंधार षड्ज मानला की बिलावल, म्हणजे मेजर, मिळतो. त्यामुळेच ही चाल उजळ वाटते. गंमत म्हणजे मोत्सार्टने दोन हॉर्नही निरनिराळ्या पट्ट्यांचे घेतले, एक जीचा आणि एक बी फ्लॅटचा. तेव्हाच्या हॉर्नला व्हॉल्व्ह नसत, मोजकेच स्वर निघत. दोन पट्ट्या घेतल्या की जास्त स्वर हाताशी येत.

मधल्या भागात षड्ज पायाखालून सरकतो. पहिली चाल थेट एफ शार्प मायनरमध्ये उगवते, मूळ षड्जाच्या फक्त अर्ध्या स्वराने खाली. इतकं जवळ आणि तरीही इतकं परकं. तिथून ती एकेक पट्टी ओलांडत जाते, तुटत जाते, शेवटी फक्त ‘धैवत-पंचम’ एवढाच तुकडा उरतो. मग बासरी आणि क्लॅरिनेट हळूहळू खाली उतरतात, आणि त्यांचं उतरणं संपायच्या आतच व्हायोलिनं मूळ चाल धरतात. परतणं इतकं चोरपावलांनी होतं की बेसावध श्रोत्याला षड्ज जागेवर आल्याचं उशिरा कळतं.

माझ्या मते या मूव्हमेंटमधली सर्वोत्तम जागा अजून पुढेच आहे. दुसऱ्या चालीकडे नेणारा जोरकस भाग या खेपेला दुपटीहून लांबतो, ई फ्लॅट मेजरला हात लावून येतो, जणू सुटायची वाट शोधतो आहे. मग तीच थबकलेली शांतता आणि तीच दुसरी चाल, पण आता जी मायनरमध्ये. बिलावलात भेटलेली चाल आसावरीत उभी राहते. तिचं वळण, तिचा उतार ओळखीचा; उजेड मात्र गेलेला. ‘मूळ षड्जावर परतणे’ या नियमाचं पालनच मोत्सार्ट इथे शोकांतिकेसारखं वापरतो. जी मेजर घेऊन तो शेवट गोड करू शकला असता, हेडनने मायनरमधल्या रचनांत असं केलेलंही आहे. मोत्सार्टने ते केलं नाही आणि माझ्या लेखी या मूव्हमेंटचं मोठेपण त्यातच आहे.

हा घाव बसायला दुसरी चाल आधी बी फ्लॅटमध्ये कानात मुरलेली हवी. मोत्सार्टने पहिला विभाग दोनदा वाजवायची खूण घातली आहे, ती इथे कामी येते. काही संचालक ती पुनरावृत्ती वेळ वाचवण्यासाठी गाळतात. मला ते पटत नाही. ध्वनिमुद्रण निवडताना पुनरावृत्ती ठेवलेलंच निवडा, आणि पहिल्यांदा ऐकताना व्हायोलिनं सोडून चेलो-डबलबासवर लक्ष ठेवा.