रीळ उघडताना

मे महिन्यात मी बाबांचं रीळ खराब केलं. सुट्टीला गावी गेलो होतो. जयगड खाडीच्या तोंडाशी कातळावर संध्याकाळभर गरवत बसलो. रॉड आडवा ठेवताना रीळ एकदा वाळूत पडलं, एकदा लाटेत बुडालं. रात्री घरी आलो तो थेट ताटावर. रीळ धुतलं नाही. रॉड तसाच पडवीत उभा केला आणि पहाटेची गाडी पकडून पुण्याला आलो.

गणपतीत गेलो तर हँडल फिरेना. जोर लावला तेव्हा आतून खरवडल्यासारखा आवाज आला. दोरी ज्याच्यावरून सरकते तो लहानसा लाइन रोलर जागीच बसला होता. स्क्रूंच्या भोवती पांढरी भुकटी जमली होती.

बाबा आरतीची तयारी करत होते. मी म्हटलं, “बाबा, मी नवीन घेऊन देतो. अडीच हजारात चांगलं येतं.”

ते म्हणाले, “घे की. नवीन घेतलंस तरी खारं पाणी तेच राहणार.”

एवढंच बोलले. मला ते टोमण्यासारखं लागलं. दर पावसाळ्यात बाबा ते रीळ पूर्ण उघडायचे. समुद्र बंद असतो, शेतातली लावणी उरकलेली असते, तेव्हा पडवीत वर्तमानपत्र पसरून बसायचे. यंदा त्यांनी उघडलंच नव्हतं. मला वाटलं, रागावलेत. तू बिघडवलंस, आता तूच निस्तर. मी रीळ बॅगेत टाकलं.

तोवर मी एकही रीळ उघडलेलं नव्हतं. मोबाइलवर चार व्हिडिओ पाहिले आणि रविवारी खोलीत पांढरी चादर अंथरली. पहिला स्क्रूच हलेना. स्क्रू स्टीलचा, अंग अ‍ॅल्युमिनियमचं. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले असताना मध्ये खारं पाणी शिरलं की अ‍ॅल्युमिनियम झिजायला लागतं. ती पांढरी भुकटी म्हणजे मीठ नव्हतं, झिजलेलं रीळ होतं. मी गंज सोडवायचं तेल टाकून रात्रभर ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी खाचेत नेमका बसणारा स्क्रूड्रायव्हर विकत आणला. घरातला सैल बसत होता. तो वापरला असता तर स्क्रूचं डोकं गेलं असतं आणि सगळंच संपलं असतं.

एकेक भाग काढला की फोटो काढायचा आणि तो बर्फाच्या ट्रेच्या खणात ठेवायचा. पहिला भाग पहिल्या खणात, दुसरा दुसऱ्यात. परत जोडताना शेवटच्या खणापासून सुरुवात. एक ई-क्लिप, तांदळाच्या दाण्याएवढी, उडून पलंगाखाली गेली. अर्धा तास पालथा पडून शोधली. तेव्हापासून स्प्रिंग आणि क्लिपचं काम मी पारदर्शक पिशवीत हात घालून करतो. उडालं तरी पिशवीतच राहतं.

हँडल एकदा फिरवलं की रोटर पाचपेक्षा जास्त वेळा फिरतो, तो दोन गियरमुळे. रोटरच्या मधोमध बसलेलं स्पूल मात्र गोल फिरत नाही, फक्त पुढेमागे होतं. गळ फेकला की दोरी त्याच्या टोकावरून सुटत जाते, शिवणयंत्रावरच्या दोऱ्याच्या रिळावरून सुटावी तशी. ही कल्पना खरंच कापडाच्या धंद्यातून आली. इंग्लंडमधल्या आल्फ्रेड इलिंगवर्थने 1905 साली अशा रिळाचं पेटंट घेतलं, आणि तो गिरण्यांच्या धंद्यातला माणूस होता. हे वाचलं तेव्हा आजोबा आठवले. ते मुंबईत गिरणीच्या स्पिनिंग खात्यात होते. 1982 च्या संपानंतर गावी आले ते कायमचे. गरवायचा नाद बाबांना त्यांच्याकडूनच लागला.

मेन गियर उचलला तर त्याच्या खाली एक पातळ चकती निघाली. कंपनीची नव्हती. गोडेतेलाच्या डब्याचा पत्रा कात्रीने गोल कापून, मधे भोक पाडून, कडा दगडावर घासलेल्या. पिवळ्या रंगावर हिरवं अर्धं अक्षर अजून दिसत होतं. गियर झिजला की दात सैल बसतात, हँडल डुगडुगतं. मधे पातळ वॉशर घातला की दात पुन्हा जवळ येतात. बाबांनी तो वॉशर घरी बनवला होता. कधी, ते ठाऊक नाही. नवं रीळ घ्यायचं त्यांनी किती वर्षं पुढे ढकललं, तेही ठाऊक नाही. माझं कॉलेज त्याच वर्षांत झालं.

लाइन रोलरचं बेअरिंग गेलंच होतं. आतला व्यास 4 मिमी, बाहेरचा 7, जाडी अडीच. ऑनलाइन दीडशे रुपयांत दोन मिळाली. खाऱ्या पाण्यात बहुतेक रिळांचं हेच बेअरिंग आधी जातं, कारण ओली दोरी सतत त्याच्यावरूनच जाते. बाकीची जुन्या टूथब्रशने साफ केली, सुकवली, दोन बोटांत धरून फिरवली. आवाज न करता फिरलं ते परत आत. ड्रॅगच्या कार्बन वॉशरना ग्रीसचा अगदी पातळ हात. गियरना भरपूर. सगळं जोडलं, हँडल फिरवलं आणि स्वतःवरच खूश झालो.

मग सोडलं, तर हँडल मागे फिरलं. मासा लागल्यावर हँडल मागे फिरलं तर आपला दोरीवरचा ताबाच जातो. तासभर फोटो पाहत बसलो. चूक सापडेना. शेवटी रिळाचा आवाज रेकॉर्ड करून बाबांना पाठवला.

पाच मिनिटांत फोन आला. “मागे फिरतंय ना?”

“हो. कसं कळलं?”

“आवाजावरनं. पुढच्या क्लचमध्ये ग्रीस घातलंस. त्यातले रोलर चिकटून बसतात, पकडत नाहीत. सगळं पुसून काढ, पातळ तेलाचा एकच थेंब टाक.”

मी म्हटलं, “तुम्हाला इतकं माहीत आहे, तर पावसात उघडलं का नाहीत?”

जरा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, “उघडायला घेतलं होतं. ती क्लिप दिसेना मला. हरवली असती म्हणून ठेवून दिलं.”

मला एकदम काय बोलावं ते सुचलं नाही. आईला विचारलं तेव्हा कळलं की उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू दोन वर्षांपासून आहे. संध्याकाळी कातळावर जाणं त्यांनी बंद केलं होतं, पाय कुठे पडतो ते कळत नाही म्हणून. मे महिन्यात मी एकटाच गेलो होतो. ते का आले नाहीत, हे मी विचारलंही नव्हतं.

मी क्लच पुसला. तेलाचा एक थेंब टाकला. हँडल जागच्या जागी थांबलं. पत्र्याची चकती होती तिथेच ठेवली.

दिवाळीत रीळ घेऊन गेलो. दोरीची ताकद दहा किलोची. दोरीचं टोक ताणकाट्याला बांधून ड्रॅग तीन किलोवर लावला, साधारण ताकदीच्या तिसऱ्या हिश्श्याइतका. बाबांनी रीळ कानाशी धरून हँडल फिरवलं. “बरं झालंय,” म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या उजेडात, त्यांचा दंड धरून, आम्ही दोघे कातळावर गेलो. भरतीला दोन शेंगट्या लागल्या आणि एक तांबोशी सुटली.

घरी आल्यावर जेवायच्या आधी त्यांनी हाक मारली. ड्रॅग घट्ट कर, म्हणजे पाणी आत जाणार नाही. नळाचा जोर नको, त्याने मीठ आत ढकललं जातं. तांब्याने हळू ओत. पुसून सावलीत ठेव, मग ड्रॅग सैल कर. मी ऐकत गेलो, करत गेलो. ऑपरेशनची तारीख आम्ही त्याच पडवीत, ओल्या हातांनी, कॅलेंडरवर लिहिली.