धाबं नसलेल्या बाईचं धाबं दणाणलं

गेल्या महिन्यातली गोष्ट. आमच्या गावात, म्हणजे तालुक्याच्या ठिकाणी, अतिक्रमण हटाव मोहीम झाली. दुसऱ्या दिवशी पत्रकार परिषद. चहा, बिस्किटं, प्रेसनोट सगळं रीतसर. साहेब खुशीत होते. माहिती देताना मध्येच इंग्रजीत म्हणाले, "वी हॅव स्केअर्ड द लिव्हिंग डेलाइट्स आउट ऑफ देम!" आणि हसले. आम्हीही हसलो. साहेब हसले की पत्रकार परिषदेत सगळेच हसतात.

बाहेर आल्यावर आमच्या नव्या पोरानं विचारलं, "सर, ते डेलाइट्सचं मराठीत काय करू?"

मी गाडीला किक मारता मारता सांगून टाकलं, "धाबे दणाणले लिही. बसतंय बरोबर."

दुसऱ्या दिवशी पान तीनवर चार कॉलम बातमी. 'पालिकेच्या मोहिमेने अतिक्रमणधारकांचे धाबे दणाणले.' चारपाच जणांचे फोन आले, बातमी भारी झाली म्हणून. वीस वर्षांत हे हेडिंग मी किती वेळा दिलं असेल, हिशेब नाही. अवैध धंदेवाल्यांचे धाबे दणाणले, लाचखोरांचे धाबे दणाणले, कॉपीबहाद्दरांचे धाबे दणाणले. जागा भरते, जोर येतो आणि कुणी नोटीस पाठवत नाही.

तिसऱ्या दिवशी भाजी घ्यायला गेलो. ज्या मावशींकडून मी दहा-बारा वर्षं मेथी-कोथिंबीर घेतो, त्या नेहमीच्या जागेवर नव्हत्या. गल्लीच्या तोंडाला, गटाराच्या कडेला पोतं अंथरून बसल्या होत्या. समोर जुड्याच जुड्या. वजनाचा माल काहीच नाही.

"वांगी नाहीत का मावशी?"

"काटाच न्हाई भाऊ, वांगी कशानं मोजू? त्या दिशी गाडीत टाकून नेला त्यांनी."

मग म्हणाल्या, "पेपरात आलंय म्हणं आमच्यावर. नातीनं वाचून दाखिवलं. धाबं दणाणलं म्हंजी काय हो?"

"म्हणजे घाबरलात तुम्ही, असं."

"घाबरले तं हायेच. पण धाबं कुठलं? पत्र्याचं खोपट हाय माझं, तेबी भाड्याचं." आणि पुढं जे विचारलं, त्यानं माझी वाचाच बसली. "काटा कुणी नेला ते लिवलंय का त्यात? लिवलं आसंल तं ते कातरण द्या मला. पालिकंत दाखवून काटा मागते."

घरी येऊन ती बातमी मी तीनदा वाचली. कोण घाबरलं ते होतं. किती घाबरलं तेही होतं. कुणी काय उचललं, कुठं नेऊन ठेवलं, पावती दिली की नाही, यातलं एक अक्षर नव्हतं. पत्रकारितेच्या डिप्लोमात पहिल्याच आठवड्यात शिकवतात, बातमीत 'क' सगळे आले पाहिजेत: कोण, काय, कुठं, कधी, का, कसं. त्यातला पहिला 'कोण' माझ्या हेडिंगमध्ये नव्हता.

त्या रात्री साहेबांच्या वाक्याचा शोध घेत बसलो. खरं तर त्या वाक्प्रचाराशी माझी जुनी दुश्मनी. नवीन असताना डेस्कवर इंग्रजी बातमीचं भाषांतर करताना मी 'डेलाइट्स' पाहून बिनधास्त 'दिवसाढवळ्या' लिहिलं होतं. घटना रात्री अकराची. उपसंपादकांनी सगळ्यांसमोर झापलं, तरी अर्थ काही सांगितला नाही. तो आत्ता कळला.

इंग्रजीत जुन्या काळी 'डेलाइट्स' म्हणजे डोळे. दिवसाचा उजेड आत येतो ती भोकं. अठराव्या शतकातली बोलभाषा ती. हेन्री फील्डिंगच्या १७५१ सालच्या 'अमेलिया' कादंबरीत एक पात्र दुसऱ्या बाईचे डेलाइट्स काळे करीन अशी धमकी देतं. म्हणजे आपल्याकडं 'डोळा सुजवीन' म्हणतात तसं. गंमत म्हणजे हा फील्डिंग नुसता लेखक नव्हता. लंडनच्या बो स्ट्रीटवर तो दंडाधिकारी होता, रोज गुन्हेगार आणि पोलीस यांच्यात बसणारा. पुढे हा शब्द मारण्याकडून घाबरवण्याकडे सरकला, जोर यावा म्हणून त्याला 'लिव्हिंग' चिकटलं आणि डोळ्यांचा मूळ अर्थ लोक विसरूनही गेले.

आपल्याला तो माहीत झाला जेम्स बाँडमुळे. १९८७ चा टिमथी डाल्टनचा सिनेमा याच नावाचा. त्याच्या मुळाशी इयान फ्लेमिंगची १९६२ सालची गोष्ट आहे. बर्लिनमध्ये बाँडला समोरच्या नेमबाजाला ठार करायचं काम दिलेलं असतं. ऐन वेळी दिसतं की बंदुकीमागं एक बाई आहे. तो नेम बदलतो, तिला जिवे मारत नाही, नुसती जन्माची दहशत बसवतो. नाव आलं ते त्यावरून. त्या गोष्टीत घाबरवणं ही दया आहे, कारण हुकूम मारण्याचा होता.

आमच्या साहेबांना हुकूम कशाचा होता? तेही तपासलं.

पथविक्रेत्यांसाठी २०१४ चा केंद्राचा कायदा आहे. त्यात स्पष्ट लिहिलंय की सर्वेक्षण पूर्ण होऊन सगळ्या विक्रेत्यांना प्रमाणपत्र मिळेपर्यंत कुणालाही उठवायचं नाही, हलवायचं नाही. प्रमाणपत्रावरच्या जागेवरून हलवायचं तर तीस दिवसांची नोटीस द्यायची. माल जप्त केला तर त्याची यादी करायची आणि सहीची प्रत विक्रेत्याला द्यायची. विक्रेत्यानं मागणी केली की नाशवंत माल त्याच दिवशी आणि बाकीचा कामकाजाच्या दोन दिवसांत सोडायचा. शहरात विक्रीची समिती हवी आणि तिच्यात किमान चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले हवेत.

आमच्या गावात ती समिती कागदावर आहे म्हणतात. कागद मी अजून पाहिलेला नाही. मावशींकडं मात्र एक कागद आहे, प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेला. २०२० मध्ये पीएम स्वनिधी योजना आली, दहा हजारांपर्यंत कर्ज मिळणार होतं, तेव्हा याच पालिकेनं त्या फेरीवाल्या आहेत असं लिहून दिलं होतं. कर्ज द्यायच्या वेळी त्या पथविक्रेत्या होत्या. जेसीबी आला त्या दिवशी अतिक्रमणधारक झाल्या. आणि तो शब्द प्रेसनोटमधून उचलून मी छापला.

साहेबांची अडचण खोटी नाही, हेही सांगतो. बाजाराच्या दिवशी तो रस्ता तुंबतो. अँब्युलन्स अडकलेली मी स्वतः पाहिली आहे. रस्ता मोकळा हवाच. पण कायद्यानं तो मोकळा करायचा तर सर्वेक्षण लागतं, पर्यायी जागा लागते, नोटीस लागते, बैठक लागते, वर्ष जातं. घाबरवायला एक सकाळ पुरते. म्हणून घाबरवलं जातं आणि मग त्याचीच कामगिरी म्हणून पत्रकार परिषद होते. नोटीस दिलेल्या माणसाला तारीख कळते, अपील करता येतं. घाबरवलेल्या माणसाच्या हातात काहीच राहत नाही. तो नुसता गटाराच्या कडेला सरकतो.

आता आपल्या मराठीकडं बघा. भीतीला आपल्याकडं शब्द काय कमी आहेत? बोबडी वळली. गाळण उडाली. तोंडचं पाणी पळालं. हातपाय गळाले. पाचावर धारण बसली. या धारणेबद्दल जुनी माणसं सांगतात की धारण म्हणजे धान्याचा भाव; रुपयाला मिळणारं धान्य घटत घटत पाचावर आलं की दुष्काळ दारात, म्हणून ती भीती. आणि धाबं म्हणजे मातीचं सपाट छत. आमच्याकडं कुणी धाबं म्हणतं, कुणी माळवद. वर कुणी धावलं की खाली घरभर आवाज घुमतो. छपराखाली बसलेल्या माणसाच्या काळजात काय होत असेल, ते त्या दोन शब्दांत आहे. शब्द सोन्यासारखे आहेत.

पण एक गोष्ट मला इतक्या वर्षांत दिसली नव्हती. यातल्या एकातही घाबरवणारा नाही. बोबडी आपोआप वळते, पाणी आपोआप पळतं, धाबं आपोआप दणाणतं. वर कोण नाचतंय ते सांगावं लागत नाही. इंग्रजी वाक्य उद्धट होतं खरं, पण प्रामाणिक होतं. त्यात साहेबांनी स्वतःच कर्ता सांगितला होता: 'वी'. आम्ही. आम्ही त्यांची भंबेरी उडवली. तो 'आम्ही' मी मराठीत आणताना गाळला. साहेबांनी नव्हे, मी. कुणी फोन करून गाळायला लावला नव्हता. सवयीनं गळला.

मराठीत कर्ता घालता येत नाही असं नाही. सळो की पळो करून सोडलं, धडकी भरवली, पळता भुई थोडी केली, सगळं आहे. आपण ते चोर-दरोडेखोरांसाठी राखून ठेवतो. दरोडेखोरांनी दहशत माजवली, बिबट्यानं दहशत माजवली. कर्ता खुर्चीत असला की मात्र समोरच्याचं धाबं आपलं आपण दणाणतं.

मग पुढच्या आठवड्यात मी दुसरी बातमी केली. छोटी, दोन कॉलम. 'पालिकेच्या पथकाने यादी न देता विक्रेत्यांचे काटे, गाडे नेले.' खाली कायद्यात काय म्हटलंय ते चार ओळींत. साहेबांची बाजूही घेतली. ते म्हणाले, माहिती घेऊन सांगतो. त्यानंतर त्यांच्या पत्रकार परिषदेचा निरोप आमच्या पोराला येतो, मला येत नाही. चालायचंच.

मावशी कातरण घेऊन पालिकेत गेल्या, नात सोबत होती. तीन चकरा झाल्या. काटा मिळाला, एक पारडं वाकलेलं. आता वांगी पुन्हा असतात. बसतात मात्र अजून गटाराच्या कडेलाच. मूळ जागा मागायला गेल्या नाहीत. मी म्हटलं, कायद्यानं मागता येते. म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या भाऊ. परत गाडी आली तं?"

काटा परत आला, पण ती भीती गेलेली नाही.

हे सगळं लिहायचं कारण एवढंच. तुमच्या गावात पथविक्रेत्यांची समिती आहे का, तिची शेवटची बैठक कधी झाली, एवढं पालिकेत जाऊन विचारा. आणि उद्या पेपरात कुणाचं धाबं दणाणलेलं दिसलं, तर बातमी लिहिणाऱ्याला फोन करून विचारा की वर कोण नाचत होतं. मलाही विचारा. माझं नाव खाली असतंच.