मोरजीचा कोट, म्हापशाचा जोडा

आमच्या बडोदेकर मंडळींचा गोवा बहुधा मंगेशी, शांतादुर्गा आणि म्हाळसा एवढ्यावर आटोपतो. ओटी भरली, पणजीला मांडवीकाठी वारा खाल्ला, की परतीच्या गाडीची घाई. शापोरा नदी ओलांडून पेडणे महालात शिरणारे विरळा. आम्हांस मात्र या आश्विनात मोरजीला नऊ दिवस राहण्याचा योग आला, आणि तोही देवकार्यासाठी नव्हे, तर एका कोटासाठी.

घरात मार्गशीर्षात पुतण्याचे लग्न आहे. आजोबांचा बंद गळ्याचा काळा कोट घालूनच बोहल्यावर चढेन, असा त्याचा हट्ट. कोट १९७४ सालचा. आजोबा मोरजीला आप्तांकडे उतरले असता तेथील एका तरुण शिंप्याकडून त्यांनी तो शिवून घेतला होता. पुतण्या अंगाने आजोबांहून बराच भरलेला. बडोद्यात तीन दुकाने पालथी घातली. दोघांनी कोट उलटूनही न पाहता ‘नवा घ्या’ असा सल्ला दिला. तिसऱ्याने आतून कापडाची पट्टी चिकटवून देतो म्हटले, तेव्हा वहिनींनी कोट त्याच्या हातून काढून घेतला आणि घडी घालून पिशवीत ठेवला. शिवणारा अद्याप आहे, असे मोरजीहून कळले, आणि आम्ही निघालो.

१९९८ साली कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाल्यापासून हा प्रवास सोपा झाला आहे. थिवीला उतरून शिवोलीच्या पुलावरून पलीकडे गेले की मोरजी. पूर्वी येथे शिवोली ते चोपडे अशी फेरीबोट होती. आजोबांनी त्या बोटीची वर्णने इतक्यांदा ऐकवली होती, की पूल ओलांडताना आम्हां सर्वांनाच थोडे चुकल्यासारखे झाले.

ही नदी लहान असली, तरी पोशाखाच्या इतिहासात तिला मान आहे. अलीकडचा बार्देश पोर्तुगिजांकडे १५४३ साली गेला, तर पलीकडचे पेडणे सावंतवाडीकरांकडून १७८८ साली. म्हणजे एका काठाला जवळजवळ अडीचशे वर्षे आधी परकी राजवट, आणि तिच्याबरोबर युरोपीय कपड्याची बेतणी आली. म्हणून बार्देशातल्या ख्रिस्ती घरांतून सुटाबुटाची रीत मुरली, आणि या काठाला धोतर, पुडवे व वर कोट अशी सोयीची तडजोड राहिली. पुढे इंग्रजी अमलातल्या शहरांना साहेबी कपडा शिवणारे हात हवे झाले, तेव्हा गोव्याचे शिंपी मुंबई, कराचीपासून पूर्व आफ्रिकेपर्यंत पसरले. मुंबईत धोबीतलावाच्या आसपास गावोगावच्या गोवेकरांच्या ‘कुडी’ होत्या, आणि नैरोबीत तर गोव्याच्या शिंप्यांची स्वतंत्र संस्थाच होती. आपल्या पूर्वजांनी दौलतीबरोबर घर सोडले. यांनी कात्री आणि मापाची फीत घेऊन सोडले, एवढाच फरक.

आजची मोरजी पाहून हा इतिहास मनात येणे कठीण. रस्त्याला रशियन अक्षरांच्या पाट्या, किनाऱ्यावर खोपट्यांची रांग, आणि टेंबाच्या वाळूत कासवांच्या अंड्यांसाठी राखलेली जागा. नदीच्या मुखापलीकडे शापोऱ्याचा किल्ला. मोरजाईच्या देवळाच्या बाजूला वळले की मात्र जुने गाव लागते. आमच्या शिंप्याचे दुकान म्हणजे घराची ओसरी: एक पायाचे यंत्र, कोळशाची इस्त्री (आता शोभेला, विजेची शेजारी होती) आणि दोरीवर टांगलेली दशावतारी राजांची भरजरी पात्रवस्त्रे. कार्तिकात नाटकांचा हंगाम सुरू होतो, त्याआधी त्यांची डागडुजी व्हावयाची होती.

सत्तरी ओलांडलेल्या या गृहस्थांनी कोट ओळखला, पण त्याचे कौतुक केले नाही. आधी तो उलटा केला. अस्तर चाचपले, कॉलरखालचा टाका नखाने पाहिला, मग पाठीची शिवण चार बोटे उसवून आत डोकावले. आत दोन्ही बाजूंनी दीड-दीड बोट कापड दुमडून ठेवलेले होते, इतक्या वर्षांत उजेड न लागलेले, नव्यासारखे काळेभोर. शिवणीत जादा सोडलेल्या कापडाला आपल्या भाषेत ‘माया’ म्हणतात. हा शब्द किती जुना असेल कोण जाणे, पण तो ज्याने योजला त्याला शिवणकाम आणि संसार दोन्ही कळत असावे.

वाचकहो, शिंपी निवडावयाचा असेल तर त्याने शिवलेला कोट बाहेरून पाहू नका, आतून पाहा. तयार कोटाच्या छातीत बहुधा चिकटवलेले अस्तर असते. आमच्याकडच्या घामाला आणि गोव्याच्या दमट हवेला ते सोसत नाही; काही वर्षांत कापडावर फोड येतात. हाताने शिवलेल्या कोटात कॅनव्हास कच्च्या टाक्यांनी धरलेला असतो, म्हणून तो अंगाबरोबर वळतो. काजे हाताची आहेत का, चौकटी असतील तर शिवणीवर जुळतात का, आणि मुख्य म्हणजे माया किती, एवढे पाहिले तरी पुष्कळ झाले. माप घेताना जो फक्त फितीकडे पाहतो, तुमच्या उभे राहण्याकडे पाहत नाही, त्याच्याकडे सदरा टाकावा, कोट टाकू नये. लंडनच्या सॅव्हिल रो गल्लीतल्या शिंप्यांच्या संघटनेने एका सुटामागे किमान ५० तास हातकामाची अट घातली आहे. मोरजीला तास कोणी मोजत नाही, ‘फाल्यां’ मोजतात, म्हणजे उद्या.

पहिल्याच दिवशी त्यांनी एक गोष्ट निक्षून सांगितली. “काका, पाठ सुटेल, कुशी सुटतील. खांदा सुटत नाही. खांद्याला बसला नाही, तर कोट तसाच परत न्यायचा.” वहिनींचा चेहरा उतरला. पुतण्याने कोट चढवला. शिंप्यांनी त्याच्यामागे उभे राहून दोन्ही तळवे खांद्यांवरून मुंढ्यापर्यंत फिरवले, त्याला हात जोडावयास लावले, मग खाली सोडावयास. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. शेवटी खडू उचलला, तेव्हा आम्ही समजलो.

त्या आठ दिवसांत तीन वेळा कोट घालून पाहावा लागला. मधल्या वेळी आम्ही पेडण्याला कोजागरीची पुनव पाहून आलो, भगवतीपुढची ती गर्दी निराळ्याच लेखाचा विषय आहे. काजे त्यांच्या सूनबाईंनी केली, कारण मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर काळ्यावर काळा दोरा त्यांना दिसत नाही. मुलगा मोपाच्या विमानतळावर नोकरीला आहे. २०२३ च्या जानेवारीत तेथून विमाने उडू लागली आणि महालातली शिकाऊ पोरे यंत्रावरून उठली, असे ते हसत म्हणाले. त्यांच्या ओसरीला भाड्याची मागणी येते, तीही शिलाईच्या कितीतरी पट. सूनबाईंना कापड बेतावयाचे शिकवता का, असे वहिनींनी स्पष्टच विचारले. “काजे येतात, बेतणे अजून नाही,” एवढेच उत्तर मिळाले. दुसऱ्या दिवशी मात्र दशावतारी अंगरख्याचे कापड सूनबाईंपुढे पसरलेले होते आणि खडू त्यांच्या हाती होता.

नदीपलीकडे कोलवाळला वेंडेल रॉड्रिक्स राहत. परदेशात नाव मिळवूनही त्यांनी गोव्याच्या पोशाखाचा इतिहास ‘मोडा गोवा’ या ग्रंथात २०१२ साली मांडला. २०२० साली ते गेले. एवढ्या थोड्या अंतरात असा ग्रंथकार आणि असा कारागीर असावेत, याचे आम्हांस नवल वाटले.

जोड्यासाठी म्हापशाचा शुक्रवारचा बाजार गाठला. पुतण्याला कोल्हापुरी हवी होती. २०२५ च्या जूनमध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानला पुरुषांच्या पोशाखात तशाच चपला नाव न घेता दाखवल्या आणि गदारोळ झाला, तेव्हापासून तरुणांत तिचा अभिमान वाढला आहे. अभिमान योग्यच. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेले ते चामडे, महाराष्ट्राच्या चार व कर्नाटकाच्या चार जिल्ह्यांना मिळून भौगोलिक मानांकन असलेले. परंतु बंद गळ्याच्या काळ्या कोटाखाली नाड्यांचा काळा जोडाच शोभतो, हे आमचे मत, आणि जोडे शिवणाऱ्याचेही तेच पडले. त्यांनी सकाळी माप घेण्यास नकार दिला. दिवसभर चालून पाऊल थोडे फुगते, म्हणून माप संध्याकाळी. कागदावर दोन्ही पावले उभ्याने आखली. डावे पाऊल उजव्याहून किंचित मोठे निघाले, तसे बहुतेकांचे असते. चामडे दुमडून दाखवले: बारीक सुरकुती पडून सरळ झाली तर ठीक, रंगाला तडा गेला तर वरचा मुलामा. तळ शिवलेला असावा, चिकटवलेला नव्हे. शिवलेला तळ झिजला की बदलता येतो.

कालबुतावर त्यांनी डाव्या बाजूस चामड्याचा पातळ तुकडा चढवला आणि दुसऱ्या शुक्रवारी कच्चा जोडा घालून चालावयास लावले. टाच सुटत होती. पुन्हा उसवले. हवा ओली आहे, जोडा कालबुतावर वाळू द्यावा लागेल, दिवाळीनंतर टपालाने पाठवतो, असे म्हणून त्यांनी पत्ता मागितला. आमचे आप्त दर शुक्रवारी बाजारात येतात, ते नेतील, असे ठरले.

निघण्याच्या सकाळी मोरजीला कोट मिळाला. शिलाई सांगण्यापूर्वी शिंप्यांनी पाठीची शिवण बोटाने दाबून दाखवली. मायेतले अर्धे कापड खर्ची पडले होते. उरलेले त्यांनी आत तसेच दुमडून ठेवले होते.