शहाणी मुले

ओसरीवर रांगणारा शेजारचा नातू आज दर दोन हातांवर थांबून, मागे वळून, आजी जागेवर आहे ना याची खातरजमा करून मगच पुढे सरकत होता, तेव्हा मला लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमधील, इस्पितळात आईवाचून राहणाऱ्या मुलांचे निरीक्षण करणाऱ्या जेम्स रॉबर्टसन यांचे स्मरण झाले. त्यांच्या काळी तिकडील इस्पितळांचा शिरस्ता असा की, आईबाप भेटून गेले म्हणजे मुले आकांत करतात, सबब भेटीची मुभा जितकी कमी तितका कारभार सुरळीत. आणि मूल रडेनासे झाले की ते रुळले, असे खुशाल समजावे. रॉबर्टसन यांचे निरीक्षण मात्र निराळे होते: आधी आक्रोश, मग नैराश्य आणि अखेरीस प्रत्यक्ष आईविषयीच अलिप्तता, अशा पायऱ्या उतरत मूल त्या शांततेला पोहोचते. १९५२ साली, इस्पितळात आठ दिवस राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीचा चित्रपट काढून, खेळण्यातले अस्वल उराशी धरून अश्रू आवरणारी ती चिमुरडी त्यांनी डॉक्टरांपुढे ठेवली. पुष्कळांना राग आला. तरी १९५९ मध्ये सरकारनियुक्त प्लॅट समितीने भेटीवरील निर्बंध उठविण्याची शिफारस केलीच.

‘कुणाकडेही राहते, किती शहाणे!’ असे कौतुक आपणही करतो. परंतु हक्काच्या माणसासाठी रडणारे मूल हट्टी नसून, हाकेला ओ मिळते या अनुभवावर त्याचा अद्याप विश्वास शाबूत आहे, असेच मी मानतो.